दोन पिशव्या, चार दाणे

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली मुख्याध्यापकांच्या ताब्यात असते, असं कागदोपत्री लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ती वीसेक वर्षं इंदूबाईंच्या पदराच्या टोकाला बांधलेली आहे. तीन मुख्याध्यापक आले आणि गेले, किल्ली काही हलली नाही.

घाटंजी तालुक्यातली आमची शाळा लहान आहे. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, दोन सूक्ष्मदर्शक, उजव्या हाताची बोटं गमावलेला एक सांगाडा आणि बरणीतला एक बेडूक, जो माझ्याही आधी नोकरीला लागलेला आहे. मी इथं जीवशास्त्र शिकवतो आणि इंदूबाई परिचर आहेत. काचपट्ट्या धुणं, कांद्याचा पापुद्रा सोलून ठेवणं, पावाला बुरशी आणवणं, ही त्यांची कामं. शिक्षण चौथीपर्यंत. पण कांद्याच्या आतला पातळ पापुद्रा त्या चिमट्याने असा अलगद उचलतात की माझ्या हातून तो इतक्या वर्षांत एकदाही तसा निघालेला नाही. मी तो फाडतो आणि वर पोरांना सांगतो की नीट बघा. पोरं इंदूबाईंकडे बघून हसतात.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला माझी एक चूक सांगावी लागेल. ती झाकून त्यांचं चांगलं लिहिता येईल, पण ते खरं होणार नाही.

इंदूबाई शाळेत प्रथम आल्या त्या झाडलोटीला, रोजंदारीवर. नवरा उकंडा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा, अजूनही उचलतो. दोन मुलं होती. मोठा संघदीप आणि त्याच्याहून सहा वर्षांनी लहान दीपमाला. संघदीप शेजारच्या प्राथमिक शाळेत होता. सुटी झाली की आईची वाट बघत प्रयोगशाळेच्या पायरीवर बसायचा. बाकीची पोरं मैदानात धावायची, हा बसून राहायचा. डोळे पिवळसर, अंगकाठी किडकिडीत, आणि थंडी पडली की हातापायांची हाडं इतकी दुखायची की गुरासारखा ओरडायचा. कुणी वात म्हटलं, कुणी कावीळ म्हटलं. तेलानं चोळून झालं, झाडपाल्याचं झालं, गळ्यात ताईतही बांधून झाला.

एकदा मी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवला. बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिला. मग म्हणाला, "सर, कांद्यात भिंत कोनं बांधली?" पेशी म्हणजे काय हे मी त्याआधी पाच वर्षं शिकवत होतो. इतका चांगला प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता.

नऊ वर्षांचा होऊन तो गेला. शेवटच्या वेळी यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कुठे रोगाचं नाव कळलं, सिकलसेल. नाव कळलं आणि चौथ्या दिवशी पोरगं गेलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून इंदूबाई कामावर आल्या तेव्हा झाडू हातात घेऊन एकाच जागी उभ्या राहायच्या. कुणी हाक मारली की पुढं सरकायच्या, पुन्हा उभ्या. आठवडाभरानं त्यांनी मला विचारलं, "सर, डाक्टर म्हने हे मायबापाच्या रक्तातून येते. म्हंजे मीच देल्लं का त्याले?"

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात वर्गात तोच धडा आहे, मागच्या बाकावर येऊन बसा. मास्तरची जात अशी असते. रडणाऱ्या माणसालाही आम्ही धडा देतो.

तर मी तो धडा शिकवला. टेबलावर दोन वाट्या ठेवल्या, एक आईची, एक बापाची. आमच्याकडे तूर लाल पण होते आणि पांढरी पण, तेव्हा दाण्यांना तोटा नाही. प्रत्येक वाटीत एक लाल दाणा टाकला, एक पांढरा. सांगितलं की प्रत्येक गुणासाठी आपल्याकडे जनुकांची जोडी असते, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. लाल म्हणजे निरोगी रक्ताचं, पांढरं म्हणजे सिकलसेलचं. पांढऱ्याच्या जोडीला लाल असला की तो पांढऱ्याला झाकून घेतो. माणूस धडधाकट दिसतो, नांगर धरतो, गाठी उचलतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. अशा माणसाला वाहक म्हणतात. पण बाळाला दोन्हीकडून पांढराच आला तर रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत. विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं जीव जातो की काय असं दुखतं. एवढं सांगून मी आईच्या वाटीतला पांढरा उचलला, बापाच्या वाटीतला पांढरा उचलला आणि दोन्ही तिसऱ्या वाटीत टाकले. हे आजारी बाळ. तेवढ्यात घंटा झाली.

पोरं पळाली. इंदूबाई टेबलापाशी आल्या. आईच्या आणि बापाच्या वाटीत आता एकेक लाल दाणा तेवढा उरला होता. त्या बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे पांढरे दोन्ही थोच घेऊन गेला."

मी फळा पुसत होतो. पाठमोराच म्हणालो, "हो, बरोबर."

हेच ते दोन शब्द. त्या दिवशी मला वाटलं होतं की चौथी शिकलेल्या बाईला आपण आनुवंशिकता समजावली, आणि घरी जाऊन मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

इंदूबाई मात्र खरंच सावरल्या. झाडू चालू लागला, पुढं परिचराची जागा निघाली तेव्हा मी शब्द टाकला आणि त्या प्रयोगशाळेत आल्या. त्यांचं दुःख कमी झालं नव्हतं, पण त्याला एक बसायची जागा मिळाली होती. दरवर्षी संघदीपच्या तिथीला घरी मेणबत्ती लावायच्या आणि दीपमालाला पुढं बसवून सांगायच्या की तुझ्या भावानं घरातलं वाईट सगळं आपल्या अंगावर घेतलं, तुझ्यासाठी चांगलं ठेवून गेला. हे मला माहीत होतं. मी ते आईच्या मनाचं बोलणं समजत होतो. त्याच्या बुडाशी माझ्या दोन वाट्या आहेत, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मधल्या काळात शाळेत सिकलसेल तपासणीचं शिबिर झालं. पोरांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा होता. निम्मी शाळा भिंतीवरून उडी मारायच्या तयारीत. इंदूबाईंनी एकेकाचा हात धरून, गोड बोलून, दोन-चार धपाटे घालून सगळ्यांना रांगेत उभं केलं. नंतर कार्डं आली. वाहकांना पिवळं, रुग्णांना लाल. ती कार्डं त्यांनीच वाटली, घरोघरी जाऊन गोळ्यांची आठवण करून दिली. त्या दिवशी रांगेत एकच मुलगी नव्हती. नववीतली दीपमाला. आईनं तिला घरीच ठेवलं होतं, की हिला कशाला उगाच सुई टोचायची. माझं लक्ष गेलं नाही. ज्या वर्गाला मी तोच धडा, त्याच वाट्या घेऊन शिकवला होता, त्याच वर्गातली ती मुलगी होती.

ही झाली मागची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत इंदूबाई काचपट्ट्या धूत होत्या आणि बोलत होत्या, आणि एरवी त्या काम करताना बोलत नाहीत. दीपमालाची सोयरीक जमली होती. मुलगा उमरखेडचा, प्रफुल्ल, मोटर वाइंडिंगचं स्वतःचं दुकान. दीपमाला तेव्हा गावात ऑनलाइन फॉर्म भरायच्या केंद्रात काम करायची. दोघांचं फोनवर बोलणंही सुरू झालं होतं आणि चौदा दिवसांनी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला होता. मुलगा किती सरळ आहे ते सांगताना त्या म्हणाल्या की त्यानं बायोडाट्याबरोबर आपलं पिवळं कार्डही पुढं ठेवलं. तो वाहक होता. असं दुसरं कोण दाखवतं.

मी विचारलं, मग दीपमालाचं कार्ड?

त्यांनी हसून माझ्याकडे पाहिलं. मी विसरलो कसा याचं त्यांना नवल वाटलं. "तिले कायचं कार्ड, सर? आमच्या घरचं त संघदीपसंगं गेलं. तुमीच त दाखवलंतं."

माझ्या हातात ओली काचपट्टी होती. मी ती ठेवली. पुढं तीन दिवस मी काहीही बोललो नाही.

या तीन दिवसांची मला लाज वाटते, म्हणून ते लिहितो. मी हिशेब मांडत बसलो. आईबाप दोघं वाहक आणि मुलगी धडधाकट, म्हणजे ती निर्धोक असण्याची शक्यता तीनात एक. वाहक असण्याची तीनात दोन. म्हणजे कदाचित काही होणारही नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. दीपमालाची तपासणी करा म्हणायचं तर का, हे सांगावं लागणार. आणि ते सांगायचं म्हणजे त्या बाईच्या हातातून तिचा पोरगा दुसऱ्यांदा काढून घ्यायचा. वीस वर्षं ती एवढ्याच आधारावर उभी होती की तो बहिणीसाठी गेला. आणि नाही सांगितलं तर उमरखेडात उद्या दुसरा संघदीप जन्माला येऊ शकत होता. वाहकाला वाहकाचा जोडीदार मिळाला की दर बाळाला तोच धोका, चारात एक.

चौथ्या दिवशी मधल्या सुटीत मी दार लोटून घेतलं आणि त्यांना स्टुलावर बसवलं. मी म्हटलं, इंदूबाई, तो धडा मी अर्धा शिकवला होता. दाणे परत टाकायचे राहिले होते.

त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, आईबाप मुलाला जनुक देतात म्हणजे हातातली वस्तू काढून देत नाहीत. त्याची नक्कल देतात. त्या तशाच बघत राहिल्या. मग मला सुचलं. मी विचारलं, तुम्ही रोज ऑफिसचे कागद घेऊन झेरॉक्स काढायला जाता, तेव्हा मूळ कागद कुठं जातो?

"परत आनते मी," त्या म्हणाल्या. "फाईलीत लावते."

मी म्हटलं, हेही तसंच आहे. संघदीपला गेली ती झेरॉक्स. मूळ कागद तुमच्याकडेही राहिला आणि उकंडाभाऊंकडेही. दीपमालाच्या वेळी पुन्हा त्याच कागदांवरून नक्कल निघाली. कोणत्या कागदाची निघाली ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

सूक्ष्मदर्शकांवर घालायच्या कापडी पिशव्या त्यांनीच शिवलेल्या होत्या. त्यातल्या दोन घेतल्या. प्रत्येकीत एक लाल, एक पांढरा दाणा टाकला आणि त्यांना सांगितलं, न बघता एकेक काढा. त्यांनी काढले. एक लाल, एक पांढरा. परत टाकायला लावले. पिशव्या हलवल्या, पुन्हा काढायला लावले. दोन्ही लाल. परत. पाचव्या वेळी दोन्ही पांढरे आले. त्यांनी ते तळहातावर धरून ठेवले, टाकायला तयार होईनात. शेवटी त्यांनी आपण होऊन टाकले, पिशव्या हलवल्या, हात घातला. पुन्हा दोन्ही पांढरे.

असं लागोपाठ येणं नेहमी घडत नाही. त्या दिवशी घडलं. मी घडवून आणलं नव्हतं, आणि तसं घडू नये अशीच माझी इच्छा होती.

त्या म्हणाल्या, "म्हंजे पिशवीले काई याद राहत नाई."

मी म्हटलं, नाही राहत. आणि म्हटलं, चूक माझी आहे, मी घाईत हो म्हणालो होतो. त्यांनी मला माफ केलं असं मी लिहू शकत नाही, कारण त्यांनी तसं केलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी खोटं नाई सांगतलं, सर. पन अर्धं सांगतलं. अर्ध्यानं लय वर्सं झोप येत होती मले." मग उठल्या, उरलेल्या काचपट्ट्या धुतल्या, एकेक पुसून पेटीत लावली आणि संध्याकाळी मुलीला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेल्या.

यवतमाळहून पक्का अहवाल यायला सहा दिवस लागले. दीपमाला वाहक होती.

साक्षगंधाला चार दिवस उरले होते. निरोप फोनवर कळवता आला असता. लोक तसंच करतात, पत्रिका जमत नाही किंवा मुलीला पुढं शिकायचं आहे असं काहीतरी सांगतात. इंदूबाईंनी ते मानलं नाही. मुलानं कार्ड समोर ठेवलं होतं, तर आपणही समोर जाऊन ठेवायचं. उकंडाभाऊंना जिनिंगच्या हंगामात सुटी मिळेना. म्हणून इंदूबाई, दीपमाला आणि मी एसटीनं उमरखेडला गेलो. त्या दोन पिशव्या इंदूबाईंनी जेवणाच्या डब्याबरोबर घेतल्या होत्या.

प्रफुल्लच्या घरी त्याची आई आणि तो, दोघंच होते. मला वाटलं होतं समजावून सांगायचं काम माझं. मी घसाही खाकरला. पण इंदूबाईंनी प्लॅस्टिकची खुर्ची मधे ओढली, त्यावर दोन पिशव्या ठेवल्या आणि सगळा धडा सांगितला. लाल दाणा, पांढरा दाणा, वाहक, झेरॉक्स, सगळं. एक शब्द चुकला नाही. प्रफुल्लला आठ वेळा दाणे काढायला लावले आणि दर वेळी परत टाकायला लावले. त्यात एकदा दोन्ही पांढरे आले. तेव्हा त्या म्हणाल्या, "हा असा येते पाह्य. माहा संघदीप असा आलता. नऊ वर्सं होता."

प्रफुल्लच्या आईनं पदर तोंडाला लावला. प्रफुल्लनं मला विचारलं की पोटातल्या बाळाची तपासणी होते म्हणतात, ते खरं का. मी खरं ते सांगितलं. होते, वेळेत मोठ्या शहरात जावं लागतं, आणि बाळात रोग निघाला तर ते ठेवायचं की नाही हे त्या दोघांनाच ठरवावं लागतं. काही जोडपी त्या वाटेनं जातात. जावं की जाऊ नये हे दुसऱ्यानं सांगायचं नसतं. तपासणी न करता धोका पत्करणारीही असतात, आणि आता लहानपणापासून औषधं असल्यामुळे पुष्कळ मुलं जगतात, मोठी होतात.

दीपमाला प्रफुल्लकडे बघून म्हणाली, "माय दर थंडीत भावाचे पाय मांडीवर घेऊन बसे. मी लहान होती, तरी मले त्याचं वरडनं याद हाय. मले डोळे उघडे ठेवून थो धोका नाई घेता येत. तुमाले राग येईन."

राग नाही, असं तो म्हणाला. मग आत जाऊन त्यानं आम्ही येणार म्हणून आणलेली पेढ्यांची पेटी उगाच एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवली. त्याला ती मुलगी आवडली होती, हे कुणालाही दिसलं असतं. तिलाही तो आवडला होता. यात दोष कुणाचाच नव्हता, आणि म्हणूनच ते बघवत नव्हतं. निघताना त्याच्या आईनं दार अडवलं, की मोडलं ते नातं मोडलं, पण जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही. आम्ही जेवलो.

परतीच्या गाडीत दीपमाला खिडकीला डोकं टेकून बसली होती. दिग्रस मागं गेल्यावर इंदूबाई माझ्याशी बोलल्या. "सर, इतके वर्सं मले वाटे थो बहिनीसाठी गेला. आता थो नुसता गेला."



दीपमालाचं लग्न दीड वर्षानं मुकुटबनला झालं. त्या मुलाची तपासणी आधी झाली, त्याच्याकडे पांढरा दाणा नव्हता. प्रफुल्लनंही पुढं कार्ड बघूनच लग्न केलं, असं कळलं. पिवळं कार्ड म्हणजे रोग नव्हे, हे मी आता वर्गात चारदा सांगतो, कारण पोरं तेवढंच विसरतात.

मी तो धडा आता एकटा शिकवत नाही. नववीच्या वर्गात तो आला की इंदूबाई पिशव्या घेऊन येतात आणि दाणे काढायला लावण्याचं काम त्यांचं असतं. पुढच्या जूनमध्ये त्या निवृत्त होतील, म्हणून यंदाचा त्यांचा शेवटचा वर्ग होता. वैष्णवी नावाच्या मुलीनं पिशव्यांत हात घातला आणि दोन्ही पांढरे निघाले. ती सुटकेनं म्हणाली की झालं, आता वाईट संपलं, आता पुढच्यांना नाही येणार.

मी खडू ठेवला. तेवीस वर्षांपूर्वीचंच वाक्य ते, फक्त तोंड दुसरं होतं. यंदा मी पाठमोरा नव्हतो. पण उत्तर मी द्यायचं नाही हे मला समजत होतं.

इंदूबाईंनी त्या मुलीची मूठ आपल्या हातात धरली. वर्गात त्यांनी आजवर कधी आपल्या मुलाचं नाव घेतलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "माह्या पोराचं नाव संघदीप होतं. त्याले असेच दोन आलते. मी बी तुह्यासारखंच म्हटलं, संपलं. नाई संपत, बाई. पिशवीले याद राहत नाई. म्हनून आपन ठेवाची."

मग त्यांनी वैष्णवीच्या मुठीतले दाणे एकेका पिशवीत परत टाकले, पिशव्या हलवल्या आणि पुढच्या मुलीसमोर धरल्या.